सूर्याच्या पोटातला गारवा

आगाशी,
१२ नोव्हेंबर १९७९

चि. सावू,

आशीर्वाद नेहमीचेच, पण आज त्यांच्यासोबत एक सिद्धांत पाठवतो आहे. बसून वाच.

सूर्य आतून गार आहे.

हसलीस ना? मला इथे ऐकू आलं. हसून झालं असेल तर पुढे वाच. आपल्या विहिरीजवळचा नारळ आठव. त्यावरचं शहाळं महिनोन् महिने उन्हात लटकलेलं असतं. वैशाखात त्याची साल हाताला चटका देते. आणि फोडलं की आतलं पाणी? गार. भर बाराला फोड, तरी गार. कारण वर साल आहे, खाली काथ्या आहे, त्याखाली करवंटी आहे. आता मला सांग, ज्याने नारळ केला त्यानेच सूर्य केला ना? मग नारळाला एवढी अक्कल दिली आणि सूर्याला देताना हात आखडला? वर जळते ती साल. आत चांगली गर्द सावली असणार. पेपरात आलं होतं की यंदा सूर्यावर डाग फार पडलेत. डाग काळे का दिसतात? साल फाटली की आतलं दिसतं, म्हणून.

तू तिकडे बंगलोरला सूर्यावरच संशोधन करतेस, सरकार तुला त्याची स्कॉलरशिप देतं. घरच्या माणसाने सिद्धांत मांडला तर तो तुझ्या साहेबांपर्यंत पोचवणं हे तुझं काम आहे. शुद्धलेखन तेवढं तपासून घे.

इकडे दिवाळीनंतर ऊन कोरडं झालं. राजेळी केळ्यांचे घड उतरवून पिकायला अढी घातली आहे. वाडीत बांबूचा मांडव उभा केला, त्यावर चटया टाकल्या. परवापासून केळी सोलून सुकेळ्यांना सुरुवात. सोलायला बायका येतात, वर पसरायला आणि उलटायला मी आहे. मांडवाखालची जागा मात्र रिकामी आहे. तुझी काकी उन्हात जरा उभी राहिली की तिचा घोळणा फुटायचा, नाकातून रक्त यायचं, म्हणून सगळा जन्म ती त्या सावलीत बसून वाळलेली सुकेळी पानांत बांधत राहिली. वर मी, खाली ती. यंदा तिथे बसायला मी कुणाला सांगितलेलं नाही. बायका बांधतील ती ओट्यावर बसून.

असो. साहेब काय म्हणाले ते लगेच कळव.

तुझा
नरहरीकाका

---

बंगलोर,
२४ नोव्हेंबर १९७९

ती. काका,

नमस्कार. बसूनच वाचलं, आणि हसलेही. तुमचे कान शाबूत आहेत.

साहेबांना पत्र दाखवलेलं नाही. साहेब तमिळ आहेत, तेव्हा शुद्धलेखनाची भीती नव्हती. भीती अशी की ते विचारतील, आई गेल्यावर तुला लहानाची मोठी केली ती ह्याच गृहस्थांनी का, आणि मला हो म्हणावं लागेल.

चिडू नका. तुमचा सिद्धांत अगदीच अनाथ नाही. दोनशे वर्षांपूर्वी एका फार मोठ्या खगोलशास्त्रज्ञाने हेच म्हटलं होतं. वर तेजाचे ढग, आत थंड जमीन, आणि त्या जमिनीवर चक्क वस्तीसुद्धा! डाग म्हणजे ढगांना पडलेली भोकं, हेही त्याचंच. तेव्हा तुम्ही चांगल्या पंगतीला बसला आहात. फक्त ती पंगत उठून शंभर वर्षं होऊन गेली.

तुमच्या नारळाला ऊन बाहेरून लागतं, काका. सूर्याला ऊन कुठून लागणार? तो स्वतःच ऊन आहे. एवढ्या एका गोष्टीवर तुमचा नारळ फुटतो.

सूर्याचं राहू दे, तुमचं लिहा. काकी गेल्यापासून तुमच्या पत्रात जेवणाचा शब्द नसतो. पूर्वी आज काय खाल्लं याच्यावर अर्धं पान जायचं. रात्री चूल पेटते की दूध-पोहे खाऊन झोपता? खरं लिहा.

माझी बातमी म्हणजे, येत्या १६ फेब्रुवारीला खग्रास सूर्यग्रहण आहे. त्याचा पट्टा इकडून कर्नाटकातून जातो आणि आमच्या संस्थेचा तळ रायचूरजवळ पडणार आहे. एका दुर्बिणीचा कॅमेरा माझ्याकडे दिला आहे! काकी असती तर तिला आधी घाबरवून मग सांगितलं असतं. आपल्या आगाशीला खग्रास नाही, पण सूर्य बराचसा झाकला जाईल.

तुमची
सावू

---

आगाशी,
९ डिसेंबर १९७९

चि. सावू,

पंगत उठली म्हणून स्वयंपाक वाईट होता असं ठरत नाही. त्या शास्त्रज्ञाला माझा नमस्कार.

तू म्हणतेस नारळ फुटला. मी प्रयोग केला. डॉक्टरांकडून तापाचा थर्मामीटर मागून आणला. दुपारी शहाळ्याच्या सालीवर ठेवला, तर पारा सरळ टोकाला जाऊन बसला. झटकून खाली उतरवला आणि शहाळ्याला भोक पाडून पाण्यात सोडला. पारा जागचा हलला नाही. म्हणजे नारळाला ताप नाही हे सिद्ध झालं. डॉक्टर हसले, पण थर्मामीटर परत घेताना त्यांनी त्याचा वास घेऊन पाहिला, हेही लिहून ठेवतो.

आता दुसरं. रोज संध्याकाळी सायकल काढून राजोडीच्या किनाऱ्यावर जातो. सूर्य पाण्याला टेकायच्या जरा आधी त्याच्याकडे बघवतं. परवा मी त्याच्यावर काळा डाग पाहिला, ह्या डोळ्यांनी. तीळभर, पण होता. आणि बघताक्षणी मला कळलं की तिथे गारवा आहे. घरी येताना डोळ्यांपुढे हिरवे गोळे नाचतात, पण थोड्या वेळाने जातात. ग्रहणाच्या दिवशी भर दुपारी बघणार आहे. चंद्राने साल झाकली की काठावरून आतलं दिसेल. काच नको, काही नको. काचेतून पाहिलेलं कोण खरं मानतो?

तुमच्या साहेबांचं सोड. त्यांचं मला काही नाही. तू म्हण. एका ओळीत एवढंच लिहून पाठव, की सूर्य आतून गार असू शकतो. आहे म्हणू नको, 'असू शकतो' म्हण. तेवढं लिहायला तुझं काय जातं?

चूल पेटते. काल पडवळाची भाजी केली होती.

नरहरीकाका

---

बंगलोर,
२० डिसेंबर १९७९

ती. काका,

आधी हे वाचा आणि मग बाकीचं. राजोडीला सूर्य बघायला जाणं आजच्या आज बंद. ग्रहणात तर उघड्या डोळ्यांनी एक क्षणही वर बघायचं नाही. डोळ्याच्या आतला पडदा भाजतो तेव्हा दुखत नाही, म्हणून माणूस बघत राहतो. हिरवे गोळे एके दिवशी यायचे आणि जायचेच नाहीत. मी इथून धावत आले तरी तेव्हा काही करता येणार नाही.

तुम्ही विचारता, 'असू शकतो' लिहायला माझं काय जातं. माझं सगळं जातं, काका. सुकेळं वरून कितीही सोनेरी दिसलं तरी आत ओल असेल तर बांधायचं नाही, हे मला कुणी शिकवलं? मग मी आतून ओला शब्द पानात बांधून तुम्हाला कसा पाठवू?

सूर्य नारळ नाही. सूर्य आपली अढी आहे. केळी दाबून भरली, वर पेंढा घातला, की आत विस्तव नसताना ऊब धरते. बाहेरच्या फण्या कच्च्या असतात तेव्हा मधल्या पिकलेल्या असतात. हात घातलात की जितकं आत जावं तितकं गरम. सूर्याचं तसंच आहे. वर सहा हजार अंश, आणि गाभ्यात दीड कोटी. तुमचा तो काळा डागसुद्धा चार हजार अंशांचा आहे, शेजारच्यापेक्षा कमी तापलेला म्हणून काळा दिसतो एवढंच. आत गारवा नाही, काका. सावली नाही. कुठेच नाही.

हा विषय आता संपवूया. तुमचे डोळे मला तुमच्या सिद्धांतापेक्षा जास्त हवे आहेत. उत्तर लगेच टाका.

सावू

---

आगाशी,
२१ जानेवारी १९८०

बाय सावित्री,

मी इझाबेल, कुंपणापलीकडची. मला लिहायची सवय नाही, चुका काढू नको. नरहरीभाऊंना विचारून लिहीत नाही. विचारलं असतं तर नको म्हणाले असते.

महिना झाला त्यांनी तुला पत्र टाकलं नाही ते मला ठाऊक आहे, कारण पोस्टाच्या पेटीकडे जाताना ते माझ्या दारावरून जातात. तुझं पत्र आलं त्या दिवसापासून राजोडीला जाणं बंद झालं. मी म्हटलं देवा तुझी कृपा. पण मांडवावर केळं टाकणंही बंद झालं गं. बायकांना परत पाठवलं. अढीतली केळी काळी पडून गेली, शेवटी माझ्या म्हशीला घातली. ओट्यावर बसतात तेही उन्हाकडे पाठ करून.

मी विचारलं, बरं वाटत नाही का? तर म्हणतात, "इझाबेल, सावू म्हणते कुठंच सावली नाय." मी म्हटलं एवढी वाडी आहे, सावलीला काय तोटा? तर म्हणाले, "हितं नाय गं. तिकडं." आणि बोट वर केलं.

मग सगळं बोलले. यशोदाबाईच्या तेराव्याला भटजींनी सांगितलं होतं ना, की पुण्यवान जीव सूर्यमंडळातून आरपार जातो. भटजी बिचारे धीर द्यायला बोलले. पण ह्यांच्या मनात तेच अडकून बसलं. तुळशीला पाणी घालायला निघाली तरी यशोदाबाई डोक्यावर पदर घ्यायची. ती त्या एवढ्या आगीतून कशी जाईल? वैशाखापासून माणूस एकच विचार करतो आहे. म्हणून ते नारळ, म्हणून तो थर्मामीटर. मला पण वाटलं होतं म्हातारपणचा छंद आहे.

मला विचारलं, "तुमच्या स्वर्गात ऊन असतं का?" मी म्हटलं फादरांनी कधी सांगितलं नाही, पण माझ्या नवऱ्याला, प्लासिडला, पुरताना मी त्याची टोपी बरोबर ठेवली आहे. त्यावर जरासे हसले. तेवढंच ह्या महिन्यात.

तू शिकलेली आहेस. खोटं लिहू नको, त्यांना कळतं. पण काहीतरी लिही बाय.

इझाबेल

---

बंगलोर,
३० जानेवारी १९८०

माझे काका,

इझाबेलमावशीने मला सगळं लिहिलं. तिच्यावर रागावू नका, मी तिची ऋणी आहे.

पत्र वाचून मी खोलीचं दार लावून रडले. काकीसाठी रडले, ती गेल्यावर तेरा दिवस पाहुण्यांच्या चहापाण्यात राहून गेलं होतं ते सगळं रडले. आणि तुमच्यासाठी. तुम्ही मला काकीची काळजी लिहून पाठवत होता आणि मी लाल पेन घेऊन अंश तपासत बसले.

तरी मी खोटं लिहिणार नाही. एक गोष्ट मात्र मी तुमच्यापासून दडवली होती, तुमचा सिद्धांत शेफारेल म्हणून. सूर्याच्या गाभ्यातून फार बारीक कण निघतात आणि आरपार सगळीकडे जातात. ते जमिनीखाली खोल खाणीत मोजले, तर निघाले हिशेबाच्या जेमतेम तिसरा हिस्सा. का, ते कुणालाच सांगता आलेलं नाही. त्यावरून काही शास्त्रज्ञ आता म्हणू लागलेत, की सूर्याचा गाभा आपण समजतो त्यापेक्षा थंड असेल. तेव्हा तुमची पंगत पुन्हा बसते आहे! पण काका, त्यांचं थंड म्हणजे दीड कोटीतून दहा-वीस लाख अंश कमी. तेवढ्याने आपल्या काकीचं भागायचं नाही.

ती कुठे गेली, कुठून गेली, हे माझ्या शास्त्राला विचारता येत नाही. भटजींच्या बोलण्यावर मी बोलणार नाही. मला माहीत आहे ते एवढंच, की ती कुठे बसायची.

मांडवाखाली जमिनीवर उन्हाचे कवडसे पडायचे, आठवतात? मी लहान होते तेव्हा ते काकीच्या मांडीवरून वेचायला बघायची. मुठीत धरलं की मुठीच्या वर येऊन बसायचे, आणि ती हसायची. ते कवडसे कसे होते? गोल. आता चटईची भोकं आठवा. लांबट, तिरकी, फाटकी, एकही गोल नाही. मग कवडसा गोल का? कारण तो भोकाचा आकार नसतो, काका. तो सूर्याचा आकार असतो. लहान भोकातून ऊन आलं की खाली सूर्याचं चित्र उमटतं. प्रत्येक कवडसा म्हणजे एकेक सूर्य.

हे खरं आहे. तपासून बघण्यासारखं आहे. ग्रहणाच्या दुपारी वर बघायचं नाही, माझी शपथ आहे. मांडवाखाली काकीच्या जागी जाऊन बसा आणि खाली बघा. काय दिसेल ते मी सांगत नाही. ज्याचा सिद्धांत त्याने निरीक्षण करावं.

मी रायचूरला कॅमेऱ्यापाशी असेन, तुम्ही मांडवाखाली. एकाच वेळी बघूया. मांडवावर चटया आहेत ना अजून?

तुमचीच
सावू

---

आगाशी,
१८ फेब्रुवारी १९८०

चि. सावू,

चटया होत्या. तुझं पत्र आल्यावर झाडून घेतल्या, नवी अढी घातली. तेव्हा ग्रहणाच्या सकाळी मांडव भरलेला होता.

परवाचा दिवस कसा होता म्हणून सांगू! सगळी आगाशी दारं लावून आत. बाजारात कुत्रं नाही, देवळाला कुलूप, बस आली ती रिकामीच वळून गेली. मला आधी तुझ्या काकीचा शिरस्ता आठवला. ग्रहण लागायच्या आत सुकेळी घरात, आणि टोपल्यांवर तुळशीचं पान. मी एकट्याने सगळी केळी उतरवली, आत नेली, पानं ठेवली. ती असती तर मलाही आत नेऊन माझ्यावर एक पान ठेवलं असतं. पण तुझी शपथ होती. मी बाहेर आलो आणि मांडवाखाली शिरलो.

सावू, चाळीस वर्षं मी तो मांडव वरून पाहिला. खालून कधी पाहिलाच नव्हता. गुडघे कुरकुरले, पण बसलो. तिचा पाट अजून तिथेच होता, एका कोपऱ्याला वाळवी लागलेला. केळी काढलेली, म्हणून चटईची भोकं न् भोकं मोकळी होती, आणि खाली कवडसेच कवडसे. ऊन कलतं होतं, म्हणून विहिरीच्या बाजूला सरकलेले, जरासे लांबट. पण गोल. वर बघून भोकं तपासली. भोकांकडेच बघितलं, सूर्याकडे नाही, रागावू नको. एकही गोल नव्हतं. तू म्हणालीस ते खरं.

मग त्यांना एका बाजूने कुणीतरी दात लावला. सगळ्यांना एकदम. मी डोळे चोळले. हळूहळू अर्धे झाले, मग फाकी झाली, आणि शेवटी नखाएवढ्या कोरी उरल्या. शेकडो, सावू! पाटावर, मातीवर, माझ्या धोतरावर, सगळ्या एकाच दिशेला तोंड करून. उजेड पितळेसारखा झाला, वाऱ्याने अंगावर काटा आला, कावळे घरी निघाले. इझाबेल माळ हातात घेऊन कुंपणातून आली, म्हणाली तुम्ही एकटे बसलात म्हणून आले, नाहीतर मला भीती वाटते. खाली बघितलं आणि माळेचा मणी सरकवायचा विसरली. तिच्या पदरभर चंद्रकोरी. म्हणाली, "यशोदाबाईने दाखवलं नाय कधी!" मी म्हटलं, तिला रोजचंच होतं.

बोलून गेलो, आणि मग मला ते ऐकू आलं.

मी एका कोरीवर तळहात ठेवला. सूर्यच होता तो, तुझ्या शास्त्राने. गार होता. अगदी शहाळ्याच्या पाण्यासारखा. दुसऱ्यावर ठेवला, तोही गार. मी पोरासारखा सगळ्यांवर हात ठेवत सुटलो, आणि इझाबेल असताना रडलो, त्याचं मला काही वाटलं नाही.

वर तुझे दीड कोटी अंश असतील. मी सिद्धांत मागे घेतो, साहेबांना दाखवला नाहीस ते बरं केलंस. पण एवढं मला आता कळलं, की तिच्या मांडीवर जन्मभर शेकडो सूर्य येऊन बसत होते, तिच्या हातांवरून फिरत होते, आणि तिचा घोळणा एकदाही फुटला नाही. सूर्य तिच्या अंगाखांद्यावर खेळलेला होता, सावू. मला आता तिच्यासाठी भीती वाटत नाही. जायचं असेल तर ती जाईल आरपार.

तुझ्या कॅमेऱ्यात काय आलं ते लिही. पार्सलात सुकेळी पाठवतो आहे, ग्रहणाच्या दिवशी घरात घेतलेली तीच, दोन दिवस उन्हं देऊन बांधली. वरचं तुळशीचं पान खाल्लंस तरी चालेल.

मांडवावर केळी उलटायला आता एक माणूस ठेवला आहे. बांधायला मी खाली बसतो. माझे पुडे ढिले होतात, बायका हसतात. पाटाची वाळवी लागलेली बाजू कापून टाकली, तरी दोघांपुरता आहे. तिथे बसायला मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तुला सांगतो, सुट्टी मिळाली की ये.

तुझा
काका